सोडतीचा हात

३ एप्रिल, बुधवार

आधी तुझी परीक्षा. गेल्या पत्रात मी तुझ्याकडे काय मागितलं होतं? नाही ना आठवत? मला ठाऊकच होतं. स्वतःच्या लग्नाला निघताना अंगठी घरी विसरलेली पोर तू, आईची मागणी काय लक्षात ठेवणार! म्हणूनच ही वही भरली की तुझ्याकडे पाठवायची ठरवलंय. वही खासगी आहे, कुणी वाचायची नाही. पण तू वाचलीस तरी बिघडत नाही. दोन दिवसांत तुझ्या डोक्यातून जाईल आणि गुपित पुन्हा गुपित होईल.

बोलते मी, लिहिते तुझी वहिनी. मला अक्षर येत नाही, हे मात्र तू विसरली नसशील. शाळेत सगळ्यांना तेच सांगत फिरायचीस.

तर ऐक. त्याच न येणाऱ्या अक्षरामुळे मला मान मिळालाय. मालगोदामामागे सहा मजली नवी इमारत उभी राहिलीय. तिथल्या खोल्या विकायच्या नाहीत, सोडतीत द्यायच्या, असं कचेरीने जाहीर केलं. तिकीट कुणीही घ्यावं. दर शनिवारी एक चिठ्ठी निघणार आणि ज्याची चिठ्ठी त्याला खोली. नियम असा की चिठ्ठी काढणाऱ्याला वाचता येता कामा नये, म्हणजे लबाडीला जागाच नको. काल मला बोलावलं होतं. सोडतसाहेबाने एक कागद माझ्यापुढे उलटा धरला आणि विचारलं, "आजी, काय लिहिलंय?" मी म्हटलं, "तुला तरी येतं का? उलटा धरलायस." चित्र उलटं होतं ना! सगळे हसले. अंगठा घेतला आणि मी पास.

तुझ्या भावाला हे आवडलं नाही. पण त्याला लिफ्ट दुरुस्त करण्यापलीकडे काय आवडतं? आपल्या इमारतीला तडे गेलेत, मे अखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करा अशी नोटीस दारावर चिकटवलीय. जायचं कुठे, ते नोटिशीत नाही. दुसरीकडे भाड्याने घ्यावी तर आगाऊ रक्कम ऐकूनच जीव जातो. सूनबाई रात्रंदिवस कॉलर शिवते, तरी पुरत नाही. आणि तिच्या पोटात सहावा महिना चालू आहे. लिही ग, लाजतेस काय? नणंदेला कळायला नको?

६ एप्रिल, शनिवार

पहिली सोडत झाली. कचेरीचं सभागृह माणसांनी फुललं होतं. मंचावर जाळीचं पिंप, त्याला दांडा. साहेबाने स्वतः दांडा फिरवला. आत चिठ्ठ्या अशा सळसळल्या की मला आमच्या कारखान्यातला बटणांचा ढीग आठवला. एकतीस वर्षं बटणं निवडली मी. डोळे मिटून सांगायचे, हे शिंपल्याचं, हे हाडाचं, हे नुसतंच रंगवलेलं. मालक म्हणायचा, हिच्या बोटांना डोळे आहेत.

हात घातला, चिठ्ठी काढली. साहेबाने नंबर वाचला. सगळ्यांनी आपापली तिकिटं पाहिली आणि एकदम असा उसासा टाकला की पंखा हलला असेल. कुणीच उठलं नाही. साहेब म्हणाला, "सात दिवस मुदत आहे, येतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. राग आला मला. अरे, चरफडा तरी!

चिठ्ठ्या मात्र नीटनेटक्या. चारही कडा सुरीने कापल्यासारख्या गुळगुळीत. काम चोख आहे लोकांचं.

९ एप्रिल, मंगळवार

रस्त्याने चालायची सोय उरली नाही. पावाच्या रांगेत एकीने माझा हात धरून स्वतःच्या तिकिटावर घासला. दुधाच्या दुकानात दोघी. गल्लीच्या तोंडाशी तिकीट विकणारा बसतो, भोंगा म्हणतात त्याला. आवाजच तसा. तो दिवसभर ओरडतो, "ज्या हाताला अक्षर कळत नाही, त्या हाताची सोडत! आजीचा हात, देवाघरचा हात!" मी त्याला म्हटलं, "मेल्या, देवाघरचा काय? अजून इथेच आहे मी." म्हणतो, "आजी, तुमच्यामुळे विक्री दुप्पट झाली." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

इस्त्रीवालीने पाच तिकिटं घेतलीत. कोपऱ्यावरच्या चांभाराने तीन. भोंगा प्रत्येक तिकीट मधोमध फाडतो, अर्धं गिऱ्हाइकाला आणि अर्धं पिंपासाठी कचेरीत. फाडताना टर्रकन आवाज येतो आणि प्रत्येकाचा चेहरा असा उजळतो, जशी खोलीची किल्लीच हातात पडली.

सूनबाईचं शिलाई मशीन दुरुस्तीला गेलंय. पट्टा तुटला म्हणे.

१३ एप्रिल, शनिवार

पहिल्या खोलीचा धनी आलाच नाही! सात दिवस संपले. खोली कचेरीकडे जमा. डोकं फिरलं माझं. तुझ्यासारखीच विसराळू माणसं सगळीकडे भरलीत की काय? इथे आम्ही छतासाठी तडफडतोय आणि कुणा दळभद्र्याला खिशातलं तिकीट बघायची शुद्ध नाही! आजची चिठ्ठी काढली, तिचाही धनी नाही.

सोडत झाल्यावर साहेबाला म्हटलं, "तुमच्या चिठ्ठ्या फार सुबक हो. भोंगा देतो ती तिकिटं फाडलेली, एका कडेला दात. पिंपातल्या मात्र चारी बाजूंनी गुळगुळीत. इथे आणल्यावर पुन्हा कापून घेता वाटतं?"

साहेबाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आजी, तुमचं लक्ष फार बारीक."

मी म्हटलं, "बटणांमुळे."

मला चहा पाजला, वर दोन बिस्किटं. गेल्या शनिवारी नुसता चहा होता.

१६ एप्रिल, मंगळवार

तुझ्या भावाशी जुंपली. तो जेवताना म्हणाला, "आई, सोड हे काम. लोकांना नादी लावायला तुझा हात वापरतात."

"नादी कसलं? कुणाला तरी खोली मिळतेच ना?"

"असं समज, दहा हजार माणसं लिफ्टसमोर उभी आहेत. लिफ्टचा खर्च सगळ्यांनी दिलाय. लिफ्टमध्ये शिरायचं एकानेच. आणि उरलेले जिना चढत नाहीत, कारण पुढच्या शनिवारी लिफ्ट आपल्यासाठी येईल असं प्रत्येकाला वाटतं."

"तू तर सगळ्यातच लिफ्ट बघतोस. उद्या मी मेले तर म्हणशील, आईची लिफ्ट वर गेली."

तो हसला नाही. सूनबाईही हसली नाही. एरवी माझ्या पाचकळ विनोदाला ती तरी हसते. ती उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी मुलाला म्हटलं, "गरिबाला आशेवर तरी जगू दे." तो म्हणाला, "आशा फुकट असती तर दिली असती, आई. ही विकत मिळते."

मोठा शहाणा! पण रात्रभर ते वाक्य दातात अडकलेल्या तंतूसारखं टोचत राहिलं.

मशीन अजून आलं नाही. दुरुस्तीवाला पट्टा विणतोय की काय?

२० एप्रिल, शनिवार

आज माझा सत्कार! साहेबाने मंचावर सगळ्यांसमोर मला पांढराशुभ्र हातमोजा दिला. म्हणाला, "एवढा पवित्र हात, तो उघडा कशाला?" कापड जाड, आतून मऊ अस्तर. शिवण बघून सूनबाई म्हणाली असती, कारागीर पक्का आहे. तो घालून चिठ्ठी काढली. बोटांना काहीच कळलं नाही, भाताच्या गोळ्यात हात घातल्यासारखं. पण मानाची वस्तू, काढून कशी ठेवणार?

टाळ्या जोरात पडल्या. तिसऱ्या खोलीलाही कुणी उठलं नाही. मी मंचावरूनच ओरडले, "अरे, तिकिटं नीट बघा रे! आंधळे आहात का?" लोक हसले. साहेबही हसला, सगळ्यात मोठ्याने.

२४ एप्रिल, बुधवार

इस्त्रीवाली आज खुशीत. नव्या इमारतीत तिला तीन नवी गिऱ्हाइकं लागलीत. कडक कॉलरचे शर्ट, पडदेसुद्धा इस्त्रीला. मी म्हटलं, "तिथे कोण राहायला आलं? तिन्ही सोडतींचे धनी तर आलेच नाहीत." ती म्हणाली, "मला काय करायचंय? शर्ट आले की झालं."

कचेरीचे पाहुणे असतील, खोल्या हवेशीर राहाव्यात म्हणून. बंद खोलीला कुबट वास येतो.

लिहून झालं तरी सूनबाईचं पेन तिथेच थांबलंय. काय ग, डोळे कशाने भरले? म्हणते कांदा चिरला. कांदा मीच चिरला होता आज.

२९ एप्रिल, सोमवार

आज शब्द न शब्द लिहायचा, सूनबाई. शिक्षा आहे ती.

मी सकाळी स्वतः दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, तुमच्या घरून त्या खुर्चीनंतर काही आलं नाही." "खुर्ची कसली?" म्हटलं. "तुमच्या मुलाने आणली होती ना जोडायला, दोन वर्षं झाली."

घरी आले. हिला समोर बसवलं. विचारलं, "मशीन कुठंय?"

हिची नजर फळीवर गेली.

"विकलंस?"

होकाराची मान हलवली.

"पैशांचं काय केलंस?"

उठली, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्या मांडीत उपडा केला. तिकिटं. चाळीस!

माझ्या तोंडातून काय काय बाहेर पडलं ते लिहिण्यासारखं नाही. लिही, बये, लिही: सासूने तुला अक्कलशून्य म्हटलं, घरबुडवी म्हटलं, तुझ्या माहेरच्यांनाही सोडलं नाही. हिने सगळं ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलली, "आई, मी सोडतीवर पैसे लावले नाहीत. तुमच्यावर लावले. सगळं गाव म्हणतं, तुमच्या हातात खोट नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसावा तशी मी बसून राहिले.

नुसतं बसून काय करणार? मांडीतली तिकिटं गोळा करायला लागले. बोटांना सवय, ती आपोआप कडेवरून फिरतात. हे दातेरी. हेही दातेरी. चाळीसच्या चाळीस, एका बाजूला दात. असायलाच हवेत, भोंगा फाडूनच देतो. म्हणजे ज्या तिकिटाला गिऱ्हाईक मिळालं, त्याच्या दुसऱ्या अर्ध्यालाही दात असणार. पिंपात दात असलेली एकही चिठ्ठी माझ्या हाताला लागली नव्हती. हातमोजा यायच्या आधी दोन शनिवार मी खोलवर हात घालून ढवळलं होतं. सगळ्या गुळगुळीत.

जी तिकिटं कुणी घेतलीच नाहीत, त्यांच्याच चिठ्ठ्या कापून पिंपात भरल्या होत्या! धनी येणार कुठून? धनी नव्हताच. आणि मी मंचावर उभी राहून लोकांना आंधळे म्हणत होते.

चोरी करायची आणि वर फाडायचा कंटाळा! निदान टर्रकन फाडल्या तरी असत्यात, भडव्यांनो! हो, तोच शब्द लिही.

२ मे, गुरुवार

आज साहेबाकडे गेले. तो टेबलामागे बसला होता, पाय एका भरलेल्या, तोंडातून दातेरी कागद डोकावणाऱ्या पोत्यावर टेकवून, पायमोज्यासकट आरामात. मी म्हटलं, "पिंपात विकलेली चिठ्ठी एकही नाही. मला कळलंय."

मला वाटलं, चिडेल. नाहीतर नाकबूल करेल. त्याने दार लोटलं आणि नातवाने लाडात बोलावं तसा बोलला, "आजी, लोकांना काय मिळतं माहीत आहे? सहा दिवसांचं स्वप्न. एवढ्या पैशांत नाटकसुद्धा बघायला मिळत नाही. कुणाचं काय वाईट झालं?"

"माझ्या सुनेचं मशीन गेलं."

"हां." त्याने कागद पुढे ओढला. "सुनेच्या तिकिटांपैकी एखादा नंबर सांगा. शनिवारी तोच निघेल. खिडकी पूर्वेची, तिसरा मजला. बाळाला ऊन मिळेल."

मी नंबर सांगू शकत नव्हते, मला वाचता येत नाही. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग एक तिकीट पाठवून द्या."

घरी येऊन सूनबाईला सगळं सांगितलं. तिने एक क्षणही विचार केला नाही. डब्यातून वरचं तिकीट उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "घ्या. चाळीस तिकिटं माझी, मशीन माझं, पोट माझं. लोकांची तिकिटं बुडाली ती मी बुडवली नाहीत."

खरं सांगू? मला तिचं म्हणणं पटलं. वही खासगी आहे म्हणून सांगते. मे संपायला चार आठवडे. उघड्यावर बाळंतीण कुठे ठेवू? आणि मी एकटीने बोंब मारून काय होणार, हात दाखवून अवलक्षण. मीच ते तिकीट नेऊन दिलं. मीच. परत येताना इस्त्रीवाली भेटली, म्हणाली, "आजी, या शनिवारी माझ्यासाठी हात घाला हं." मी तिला शिवी दिली. बिचारीला कळलंच नाही का.

४ मे, शनिवार

आज सूनबाई लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, तुझा राग कागदावर काढ, पेन दाबून लिही. बघ, किती दाबतेय, पलीकडच्या पानावर उठतंय.

साहेबाने मंचावर हातमोजा माझ्या हातात दिला आणि डोळे बारीक केले. मी आत बोटं सारली. मधल्या बोटाच्या टोकाची शिवण उसवलेली होती आणि तिथे कागद लागला. घडी घातलेला, एका कडेला दात.

म्हणजे पिंप फिरणार, मी हात घालणार, मुठीतच असलेली चिठ्ठी बाहेर काढणार. सभागृहात पाचशे माणसं. पहिल्या रांगेत इस्त्रीवाली पाच तिकिटं पंख्यासारखी धरून. तिच्याशेजारी चांभार. भिंतीला टेकून माझी सूनबाई, एक हात पोटावर. पिंप फिरायला लागलं. त्या सळसळीने माझ्या अंगाचा भडका उडाला. या माणसाने माझं न येणारं अक्षर विकलं. माझी बटणांची एकतीस वर्षं जाड कापडात बांधून ठेवली आणि वर मला टाळ्या दिल्या. आता त्याला माझी सूनही त्याच कापडात हवी होती.

मी हातमोजा ओढून काढला आणि झटकला. चिठ्ठी खाली पडली.

"ही पिंपात नव्हती," मी ओरडले. "हातमोज्यात होती. माझ्या सुनेची आहे. मला लाच दिलीय आणि मी ती परवा घेतलीय! आता सगळ्यांनी आपल्या तिकिटाच्या कडेवरून बोट फिरवा. फिरवा! दात लागतात ना? इस्त्रीवाले, तू वर ये आणि पिंपात हात घाल."

ती आली. हात घातला. चेहरा बदलला. "गुळगुळीत," म्हणाली. चांभार आला, त्याची बोटं चामड्याची, तरी त्यालाही कळलं. मग कुणी कुणाला विचारलं नाही. पाचशे माणसं तिकिटांच्या कडेवरून बोटं फिरवत होती, आवाज म्हणून नाही. कागदावरून फिरणाऱ्या बोटांचाही आवाज होतो, तो मी आज ऐकला.

साहेब म्हणाला, "आजी थकल्यात, खुर्ची आणा." मी म्हटलं, "खुर्ची नको, तुझं पायाखालचं पोतं आण." आणायला बायकाच गेल्या. आतून अर्धी तिकिटं धो धो सांडली, सगळी दातेरी, सगळ्या गावाची. तो त्यांच्यावर पाय ठेवून बसत होता, सहा दिवसांच्या स्वप्नांवर.

घरी येताना सूनबाई माझ्या दहा पावलं पुढे चालत होती.

६ मे, सोमवार

पोलिस आले. पिंप आणि पोतं दोन्ही सील केलं. साहेब रजेवर गेला, असं कचेरीच्या दारावर लिहिलंय म्हणे. चोराला रजा मिळते, हे नवीनच. माझा जबाब घेतला, अंगठा उमटवला. लाच घेतली म्हणून माझ्यावरही कलम लागेल, असं शिपाई म्हणाला. म्हटलं, लाव बाबा. कलम तरी माझ्या नावावर होऊ दे, खोली नाही तर नाही.

मला वाटलं होतं, लोक माझ्या बाजूने असतील. आज पावाच्या रांगेत एकीने माझ्याकडे पाठ फिरवली. दुसरी तोंडावर बोलली, "आजी, खोली मिळणार नव्हतीच, ते आम्हालाही कळत होतं. पण शनिवार होता आमचा. तोही घेतलात."

कळत होतं म्हणे! मग टाळ्या कशाला वाजवत होतीस, रांडे? हे बोलले नाही मी. तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं, म्हणून बोलले नाही. घरी येऊन भिंतीला बोलले.

११ मे, शनिवार

आज सोडत नाही. दुपारी गल्ली अशी गप्प होती, जशी कुणाची मयत झालीय. भोंगा आपल्या पेटीवर बसून होता. ओरडायला काही नाही. मला म्हणाला, "आजी, मला खरंच ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, "ठाऊक करून घ्यायची गरज तुला नव्हती, मलाही नव्हती. दोघांनाही मान मिळत होता."

सूनबाई जेवते वेगळी. लिहायला मात्र येते. तिलाच विचारते, का येतेस? म्हणते, "तुम्ही खोटं लिहायला सांगता का ते बघायला."

२० मे, सोमवार

कचेरीचं पत्र आलं. तुझ्या भावाने वाचून दाखवलं. चौकशी चालू आहे, तोवर सोडत स्थगित, खोल्या "ताब्यात". कुणाच्या ताब्यात? इस्त्रीवाली सांगते, कडक कॉलरचे शर्ट अजूनही इस्त्रीला येतात.

आपली इमारत मात्र एकतीसलाच पाडणार. तिला स्थगिती नाही.

मी मुलाला म्हटलं, "तुझ्या त्या दहा हजार माणसांना जिना चढता येतो का रे?"

तो म्हणाला, "आई, तुझे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघेन."

२ जून, रविवार

ही पानं नव्या इमारतीच्या जिन्यात लिहिली जाताहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधला जिना आमचा. परवा एकतीसला सकाळी आपली इमारत रिकामी केली आणि सामान घेऊन थेट इथेच आलो. आम्ही अठरा घरं. मग इस्त्रीवाली आली, चांभार आला, काल संध्याकाळी ती पावाच्या रांगेतली शनिवारवालीही आली. माझ्याशी बोलत नाही, पण तिने गादी आणलीय. मागणी एकच: पोत्यातली सगळी तिकिटं पिंपात घाला, भर रस्त्यात पिंप फिरवा, ज्याला वाटेल त्याने हात घालावा आणि एका दिवसात सगळ्या खोल्यांची सोडत काढा. तोवर आम्ही उठणार नाही.

कचेरीचा मोठा साहेब काल खालून बघून गेला. सहाव्या मजल्यावर त्याचे पाहुणे राहतात, तिकडे जायचं होतं. लिफ्ट बंद पडलीय. तुझ्या भावालाच दुरुस्तीला बोलावलं. तो दोन तास आत डोकं घालून बसला आणि म्हणाला, "बिघाड सापडत नाही." त्याचा बाप आयुष्यात एवढं सुंदर खोटं बोलला नव्हता. जिन्याने जायचं तर आमच्या अंगावरून जावं लागतं. मोठा साहेब वर गेलाच नाही.

सूनबाई येणार नाही असं मला वाटलं होतं. तिच्या माहेरहून बोलावणंही आलं होतं. पण परवा दुपारी पोट सांभाळत, मध्ये दोनदा बसत ती जिना चढून आली. काखेत तो डबा. एकोणचाळीस तिकिटं, चाळिसावं पोलिसांकडे. माझ्या वरच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या जिन्यात सगळ्यात जास्त तिकिटं माझी आहेत. आई, सरका. भिंतीची बाजू माझी." मी सरकले.

तिचा राग गेलेला नाही. माझाही नाही. दोघी शेजारी बसून आपापला राग राखतोय, दोन शेगड्या असाव्यात तशा. पण आता आमचं ताट एकच आहे, कारण दुसरं सामानात कुठे गेलंय ते सापडत नाही.

पोलिस येतील म्हणतात. उद्या, परवा, आठवड्याने, कुणी सांगू शकत नाही. तुझ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू शंभर पोरींना जेवू घालतेस, तेव्हा आमची सोय तुला जड नाही. शिजवलेलं काही पाठवू नकोस, वाटेत आंबेल. बिस्किटं तर मुळीच नकोत, ती मी साहेबाच्या टेबलावर खाल्लीत. गेल्या पत्रात मागितल्या होत्या त्याच भुईमुगाच्या शेंगा पाठव, खारवून भाजलेल्या, चांगलं पोतंभर. सूनबाईसाठी वेगळी पुडी बांधू नकोस, ती आमच्यातच खाईल. आणि दाणे काढून पाठवायचा शहाणपणा करू नकोस. टरफलासकट पाठव. सोलत बसायला आम्हाला वेळच वेळ आहे.